शुक्रवारचा निरोप

कार्ताहेनाच्या सहलीची आखणी जवळजवळ पुरी झाली होती. विमानाच्या वेळा, सोबत न्यायची औषधं, कुठल्या दिवशी तटबंदीवरून फिरायचं आणि कुठल्या दिवशी होडीने बेटावर जायचं, सगळं लिसांद्रो बायोनाने चौकटीच्या वहीत पेन्सिलीने नेटकं लिहून ठेवलं होतं. हॉटेल तेवढं ठरायचं होतं. म्हणून दुपारचं जेवण झाल्यावर तो खिडकीजवळच्या टेबलाशी संगणक उघडून बसला, एकामागून एक खोल्यांचे फोटो बघत राहिला, आणि अकराव्या की बाराव्या हॉटेलात त्याला त्याच्या सासूची खोली दिसली.

आधी ओळख पटली नाही. पांढराशुभ्र पलंग, पायथ्याशी दुमडून ठेवलेले टॉवेल, भिंतीवर वेताची टोपी. असल्या खोल्या त्याने तासाभरात चाळीस पाहिल्या होत्या. पण पुढच्या फोटोत अंगण होतं, अंगणात चिकूचं झाड होतं, आणि ते झाड वरच्या सज्ज्याच्या कठड्यातून तिरकं बाहेर गेलं होतं. झाड तोडायला नको म्हणून कुणीतरी पूर्वी कठडाच कापला होता, त्या खाचेतून. असं झाड जगात दुसरं कशाला असेल? त्याने चष्मा काढून पुसला. बाहेर बोगोताचा नेहमीचा करडा दिवस होता, डोंगर ढगात बुडालेले, गुडघ्यांवर लोकरी शाल, आणि तरी त्याच्या मानेवर घाम आला. शेजारच्या खोलीत त्याच्या बायकोची, एनेइदाची, शिवणाची मशीन चालू होती. खालच्या मजल्यावरच्या गिऱ्हाइकाच्या पँटी ती आखूड करत होती. मशीन थोडा वेळ धावायची, थांबायची, पुन्हा धावायची. खोली क्रमांक चार, असं फोटोखाली लिहिलं होतं. जुन्या घराचा अस्सल अनुभव. पूर्वेचा वारा.

पूर्वेचा वारा कुठला? त्या खोलीला वाराच नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी नकाशा-कचेरीने त्याला कार्ताहेनाची खाडी आणि दलदल मोजायला पाठवलं होतं तेव्हा गेत्सेमानी वस्तीतल्या त्या घराच्या दारात पेत्रोनाबाई कढई मांडून बसायच्या. मक्याच्या पिठाची आरेपा, तिच्या पोटात अंडं सोडून पुन्हा तळलेली. मोजणीदार सगळे तिथंच खायचे. लिसांद्रो पहिल्या दिवशी लोकरीचे मोजे घालून गेला होता. आतून शिवणकाम हातात घेऊन एक मुलगी आली, तिने त्याच्या पायांकडे पाहिलं आणि असं काही हसली की रस्त्यापलीकडची माणसं काय झालं म्हणून बघायला उठली. "आई, ह्या काचाकोला बर्फ पण दे गं!" डोंगरातून आलेल्या माणसाला किनाऱ्यावर काचाको म्हणतात. त्याला राग यायला हवा होता. आला नाही. संध्याकाळी लोक खुर्च्या बाहेर काढून फरसबंदीवर बसत, कोपऱ्यावर कपाटाएवढा ध्वनिवर्धक लावून कुणीतरी गाणी सोडी, आणि त्या आवाजात छातीची हाडंसुद्धा हलत. एनेइदा नाचायला लागली की लिसांद्रो भिंतीला टेकून उभा राही आणि मनातल्या मनात तिच्या पावलांची मापं घेई. तिला बोगोताला आणल्यावर पहिल्याच महिन्यात त्याने तिला सांगितलं होतं, "इथं इतक्या मोठ्यानं हसत नाहीत." हे वाक्य तो विसरला होता. आज, त्या फोटोतल्या कठड्याकडे बघताना, ते त्याला अगदी त्याच्याच आवाजात ऐकू आलं.

मोठ्याने हसत नाहीत. शब्दांची शेपटं खात बोलत नाहीत. आणि नवऱ्याला तू म्हणत नाहीत. किनाऱ्यावर सगळे सगळ्यांना तू म्हणतात, लहान मूल पाद्रीलासुद्धा. डोंगरात मात्र नवराबायको जन्मभर एकमेकांना अहो-जाहो करतात. लिसांद्रोच्या आईसमोर एनेइदा एकदा त्याला म्हणाली, "तू मीठ दे रे इकडे." आईने चमचा खाली ठेवला. रात्री लिसांद्रोने बायकोला समजावलं, अगदी प्रेमाने, हात हातात घेऊन. वर्षभरात एनेइदा 'तुम्ही' म्हणायला लागली. मग दोघंच असतानाही म्हणायला लागली, मग रागावल्यावरही. त्यांची मुलगी यादिरा तर आईची पहिली भाषा कधी ऐकल्यावाचूनच मोठी झाली. सहलीचं तिच्याच डोक्यातून निघालं. माद्रिदहून फोनवर म्हणाली, "बाबा, तुमच्या लग्नाला चाळीस वर्षं होतील. आईला समुद्रावर न्या ना. तिथं तिचं घर होतं, आणि ती तिकडचं नावसुद्धा काढत नाही, हे विचित्र नाही वाटत तुम्हाला?" त्याने एनेइदाला विचारलं तेव्हा ती सुईत दोरा ओवत होती. कार्ताहेना, तो म्हणाला. तिने दोरा ओवून घेतला. मग म्हणाली, "जानेवारीत वारा असतो. जानेवारीत ठरवा." आणि तो होकार समजून त्याने वही आणली होती.

त्याने हॉटेलचा नंबर फिरवला. का, ते त्याला सांगता आलं नसतं. खोलीचं दार लोटून घेतलं, आणि पलीकडे एका तरुण मुलीचा आवाज आला. शब्दांची शेपटं खाणारा. लिसांद्रोने फोन कानाशी घट्ट धरला.

"बोला ना काका, 'चिकूचं अंगण' हॉटेल. ऐकू येतंय ना?"

"ते घर... जुनं आहे का फार?"

"दीडशे वर्षं जुनं. पेत्रोनाबाई म्हणून एक होत्या, त्यांचं. दारात बसून आरेपा तळायच्या. आम्ही न्याहारीला तेच देतो बघा, पेत्रोनाची थाळी म्हणून. लोक फोटो काढतात. किती जण आहात तुम्ही?"

"दोघं. घरातलं कुणी आहे का आता? त्यांच्या?"

"मुलगा आहे ना, उबाल्दोकाका. म्हातारे झालेत. विकल्यावर पार गावाबाहेर गेले राहायला, पण दर रविवारी दोन बस बदलून येतात. समोरच्या पायरीवर बसतात. आत या म्हटलं तर येत नाहीत, आपल्याच घरात पाहुणा कशाला होऊ म्हणतात. मी कॉफी नेऊन देते." ती हसली. "तुम्हाला गप्पा मारायच्या असल्या तर रविवार धरून या. सगळं सांगतात. कोण कधी आलं, कोण कधी नाही आलं, सगळं."

कोण नाही आलं. लिसांद्रोने पुन्हा फोन करतो म्हणून फोन ठेवला. मशीन थांबलेली होती. तिने ऐकलं असेल का? पण लगेच ती पुन्हा धावायला लागली, आणि त्याने वहीचं नवं पान उघडून त्यावर कार्ताहेनाचा नकाशा काढायला घेतला. त्याचा हात अजून पक्का होता. खाडी, तट, घड्याळाचा दरवाजा, पलीकडे जिभेसारखी समुद्रात गेलेली ती उंच इमारतींची पट्टी. त्या पट्टीवर हॉटेल घ्यायचं, अठरावा मजला, समोर नुसता समुद्र. गेत्सेमानीकडे जायचं कारणच नाही. तटबंदी पाहायची तर उत्तरेकडून चढायचं. रविवारी तर सकाळीच होडी धरून बेटावर, संध्याकाळी उशिरा परत. तिने वस्ती बघायची म्हटलं तर? तर मंगळवारी, दुपारी, जेव्हा पायरीवर कुणी नसेल, आणि टॅक्सीतून. हे घर नाही राहिलं आता, पाहून काय करणार, असं म्हणायचं. त्याने टिंबाटिंबांची एक रेषा काढली, जी शहरात सगळीकडे जात होती आणि एका गल्लीला लांबून वळसा घालत होती. रेषा सुंदर आली होती. ती पुरी करून त्याने पेन्सिल खाली ठेवली, आणि मग त्या रेषेकडे पाहताना त्याला अंगभर शिसारी आली, कारण ही रेषा त्याने आधीही एकदा काढली होती.

तेव्हाही एक वही होती. सव्वीस वर्षांपूर्वी. यादिराचं पहिलं कम्युनियन, म्हणजे चर्चमध्ये पहिल्यांदा प्रसाद घेण्याचा विधी, रविवारी होतं आणि त्या रविवारचा एकेक तास लिसांद्रोने आखला होता. चर्चमधून घरी यायला वीस मिनिटं, पाहुणे चाळीस, केक चार वाजता. कचेरीतला वरिष्ठ सपत्नीक यायचा होता. आई गावाहून यायची होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने एनेइदाला निरोप धाडला होता की मुलीचा पोशाख तूच शीव, बाहेरचा नको. एनेइदा तीन आठवडे पांढऱ्या कापडावर मणी लावत होती. त्या शुक्रवारी ती यादिराला चर्चमधून आणायला गेली होती. तालीम चालू होती तिथं. चारच्या सुमाराला घरातला फोन वाजला. उबाल्दो होता, एनेइदाचा थोरला भाऊ. कुठल्यातरी दुकानातून बोलत होता, मागे मोटारींचे भोंगे वाजत होते.

"काचाको, ऐक. आईचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात दोन दिवस, फार तर तीन. सारखी एनेला विचारतेय. एनेला म्हणावं निघ. आजच निघ म्हणावं."

"सांगतो," लिसांद्रो म्हणाला. "लगेच सांगतो."

आणि त्याला खरंच सांगायचं होतं. पुढे कितीदा तरी त्याने तो शुक्रवार मनात चालवून पाहिला होता, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटे की तो सांगणारच होता. जिन्यात त्यांची पावलं वाजली. यादिरा आधी आत आली, गालांना थंडीने लाली, हातात तालमीची खोटी मेणबत्ती, आणि मागून एनेइदा, मफलर सोडवत. "कुणाचा फोन होता? खालून ऐकू आला." तो म्हणाला, "केकवाल्याचा." शब्द आपोआप आला, टेबलावर असलेल्या यादीत पुढचं नाव तेच होतं म्हणून. मग त्याने स्वतःला सांगितलं, जेवण होऊ दे. जेवण झाल्यावर एनेइदा मणी लावायला बसली आणि त्याची आई यायची होती पहाटेच्या बसने, तर त्याने सांगितलं, सकाळी. शनिवारी घर माणसांनी भरलं. डॉक्टर म्हणतात तीन दिवस. डॉक्टर नेहमी घाबरवून सांगतात. रविवारी संध्याकाळी सांगू, सोमवारच्या पहिल्या विमानाने जाईल, एक दिवसाचा काय तो फरक. हा हिशेब त्याने इतका बारकाईने केला की त्यात काही वाईट दिसेना. शनिवारी रात्री यादिराने पोशाख घालून दाखवला तेव्हा त्याच्या आईने एनेइदाच्या खांद्यावर हात ठेवला. एनेइदाने त्याच्याकडे पाहिलं, डोळ्यांत पाणी घेऊन, आणि तो मनात म्हणाला, बघ, हे मी तुला दिलं.

रविवारी चारला केक आला. पाहुण्यांतल्या कुणीतरी किनाऱ्याकडचं गाणं लावलं, आणि एनेइदा नाचली. बोगोताच्या त्या घरात तेरा वर्षांत पहिल्यांदा. चपला काढून, यादिराचे हात धरून, आणि लिसांद्रोच्या आईनेही टाळ्या वाजवल्या. फोन वाजला तो गाण्याच्या मधेच. एनेइदाच जवळ होती. तिने धापा टाकत, हसत उचलला. लिसांद्रो खोलीच्या दुसऱ्या टोकाला बशी घेऊन उभा होता आणि त्याने तिचं हसणं तोंडावरून उतरताना पाहिलं, हळूहळू, जसं भिंतीवरून ऊन उतरतं. ती फोन ठेवून त्याच्याकडे आली. "आई गेली," ती म्हणाली. "उबाल्दो म्हणाला, आई गेली. आणि म्हणाला, नाच तू. मग ठेवला त्याने. असं का म्हणाला असेल तो?" लिसांद्रो म्हणाला, "दुःखात माणूस काहीही बोलतो."

किनाऱ्यावर माणूस ठेवून घेता येत नाही, उष्मा असतो. सोमवारी सकाळी पुरलं. एनेइदाला दुपारचं विमान मिळालं. ती पोचली तेव्हा स्मशानात, बुजवलेल्या थडग्यापाशी, उबाल्दो तिच्याकडे पाठ करून उभा होता असं तिने परत आल्यावर सांगितलं, एकदाच, आणि रात्रीची भांडी घासायला घेतली. वर्षभराने घर विकायचे कागद पोस्टाने आले. सोबत चिठ्ठी नव्हती. "सही करून टाका," लिसांद्रो म्हणाला होता, "इतक्या लांबून काय करणार आपण त्या घराचं?" तिने सही केली. त्यानंतर तिने ते नाव घेतलं नाही, आणि तिने नाव घेतलं नाही म्हणून त्यालाही विषय काढावा लागला नाही. पहिली दोनतीन वर्षं तो दचकून जागा होई. मग ती गोष्ट दाढेतल्या बुजवलेल्या खड्ड्यासारखी झाली, जीभ गेली तर लागायची, एरवी नाही.

आणि तो माणूस दर रविवारी दोन बस बदलून येतो आणि स्वतःच्या घरासमोर पायरीवर बसून परक्यांना सांगतो की बहीण आली नाही. आईने बोलावलं आणि बहीण नाचत होती. सव्वीस वर्षांतले किती रविवार होतात? लिसांद्रोला हा गुणाकार करवेना. आजवर तो समजत होता की त्याने तिची आई दोन दिवसांनी हुकवली. आई तर जाणारच होती. भाऊ? भाऊ जाणार नव्हता. भाऊ अजून आहे, कॉफी पितो आहे. लिसांद्रोने नकाशाचं पान फाडलं, मग फाडलेलं पान हातात तसंच धरून बसला. टाकून द्यावं, पट्टीवरचं हॉटेल घ्यावं, अठरावा मजला. ती खूश होईल. संध्याकाळी वाऱ्यात तिचे केस उडतील. तिला काही कळायचं कारण नाही. तिने काही विचारलेलंच नाही. हे खरं होतं, आणि ह्याच खरेपणाचा त्याला आता आधार वाटेना.

मशीन बंद झाली. एनेइदा चॉकलेटचं भांडं चुलीवर चढवायला स्वयंपाकघरात गेली. चार वाजले की दोघं गरम चॉकलेटमध्ये चीजचे तुकडे टाकून पीत, गेली कित्येक वर्षं. तो उठून तिच्या मागे गेला आणि दारातच उभा राहिला. ती पाठमोरी ढवळत होती. तिचे केस मागून पार पांढरे झाले होते. हे रोजचंच, पण ते त्याने आत्ता पाहिलं.

"हॉटेल सापडलं का?" तिने विचारलं. "मला उंचावरचं नको. चक्कर येते."

"एनेइदा, आई आजारी असल्याचा फोन शुक्रवारी आला होता."

ती ढवळत राहिली. कुठली आई, असंही तिने विचारलं नाही. मग तिने आच बंद केली.

"किती वाजता?"

"चारला."

"मी कुठं होते?"

"यादिराला आणायला गेला होतात. उबाल्दो म्हणाला, आजच निघ म्हणावं. मी म्हटलं, सांगतो."

"मी वर आले. मी विचारलं, कुणाचा फोन." ती अजून वळली नव्हती. "केकवाल्याचा, म्हणालास."

तिला शब्दसुद्धा आठवत होता. आणि तिने त्याला कितीतरी वर्षांनी तू म्हटलं होतं. चाळीस वर्षांपूर्वीचं तू असं नव्हतं. हे वेगळंच, परक्या माणसाला रस्त्यात म्हणावं तसं.

"मला वाटलं रविवार होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "इतकी मेहनत घेतली होती तुम्ही. माझी आई आली होती. मला वाटलं..."

"उबाल्दोला वाटलं मला माहीत होतं."

"हो."

"त्याने फोन केला तेव्हा मागे गाणं वाजत होतं."

"हो."

ती वळली. तो तयारीत होता, ती ओरडेल, भांडं फेकेल. त्याला ते हवंही होतं. तिने फक्त झग्याला चिकटलेला एक दोरा उचलला, बोटाला गुंडाळला, सोडला. "स्मशानात मी त्याचा हात धरायला गेले," ती म्हणाली, "तर त्याने हात खिशात घातला. मला वाटलं, मी बोगोतात राहून गोरी झाले, मोठी झाले, म्हणून. मला वाटलं माझ्या बोलण्याचा राग आला त्याला. विमानतळावर मी स्वतःशी जुनं बोलून बघितलं होतं रे, तर तोंडातून येईना. इतकी वर्षं मला वाटत होतं, भावाला लाज वाटते माझी, ते बोलणं गेलं म्हणून." मग ती खुर्चीवर बसली, हळूच, गुडघे सांभाळत. "जिवंत आहे का तो?"

"आहे. रविवारी घरासमोर येऊन बसतो. घराचं हॉटेल झालंय. आज फोटो पाहिले मी."

"म्हणून सांगितलंस."

खरं होतं. फोटो दिसले नसते, पायरीवरचा माणूस कळला नसता, तर तो आत्ता चॉकलेटमध्ये चीज टाकत असता.

"तुझ्या वहीत किती रात्री लिहिल्यास?"

"सहा."

"सहाच कर. त्याच घरात कर. शनिवारी पोचेन असं बघ." तिने पेल्यात चॉकलेट ओतलं, एकाच. "एक तिकीट."

पुढचे दोन महिने लिसांद्रोने ती सहल नव्याने आखली, एका माणसाची. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं. एनेइदा बोलत होती, पण बोलायला लागेल तेवढंच. भाजी आणली का, नळ गळतोय. रात्री ती यादिराच्या खोलीत झोपू लागली. तिथल्या कडक गादीवर पाठीला बरं वाटतं म्हणाली. यादिराचा फोन आला तेव्हा दोघांनी मिळून तिला सांगितलं की बाबांना प्रवास झेपायचा नाही. हे खोटं बोलताना एनेइदाने त्याच्याकडे पाहिलंही नाही, आणि तरी एवढ्या दिवसांत दोघांनी मिळून केलेलं ते एकच काम होतं. त्याने खिडकीजवळची जागा घेतली, डाव्या बाजूची, कारण उतरताना दलदल आणि खाडी त्या बाजूने दिसते. खोली चार घेतली. हॉटेलच्या मुलीला विचारून घेतलं की पायऱ्या किती, न्हाणीघरात धरायला दांडा आहे का. औषधांची चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिहिली. तट कुठून चढायचा, टॅक्सी कुठं मिळते, हे सगळं लिहून झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की ती त्या गावात जन्मली आहे, आणि त्याने ते पान काढून घेतलं.

जानेवारीतल्या शनिवारी तो तिला विमानतळावर सोडायला गेला. तिने नवा झगा शिवला होता, पिवळा. असला रंग तिने बोगोतात कधी घातला नव्हता. रांगेत उभं असताना तो म्हणाला, "एनेइदा, मला जर त्या दिवशी..." आणि ती म्हणाली, "नको." आवाजात राग नव्हता. "तुला काय वाटलं असेल ते मला माहीत आहे. तुला वाटलं माझ्यासाठीच करतो आहे. तेच मला सहन होत नाही." मग तिने बॅग ओढत नेली, आणि तपासणीच्या कमानीपलीकडे गेल्यावर मागे न बघता एक हात वर केला. तो त्याला उद्देशून होता की तिथल्या शिपायाला कागद दाखवायला, ते लिसांद्रोला कळलं नाही. पण त्यानेही हात वर केला.

रविवार त्याने कसा काढला, हे नंतर त्याला आठवेना. चर्चला गेला नाही. आरामखुर्चीत बसून तो तिकडचं ऊन मनात सरकवत राहिला. आता अकरा, आता पायरीवर सावली असेल. आता मुलगी कॉफी घेऊन बाहेर आली असेल. आता एनेइदा दारात. पुढचं त्याला दिसेना. उबाल्दो त्याला पाठमोराच आठवत होता, आणि तोही स्वतःच्या आठवणीतला नाही, तिने सांगितलेला. संध्याकाळी फोन वाजला नाही. रात्रीही नाही. तिने करायचा असं ठरलंही नव्हतं.

सोमवारी सकाळी अकराला वाजला. पुरुषाचा आवाज होता, हॉटेलचा व्यवस्थापक म्हणून त्याने ओळख दिली. तिकडे कुणीतरी अंगण झाडत होतं, झाडूचा आवाज येत होता.

"खोली चारबद्दल बोलायचं होतं साहेब. बाई काल संध्याकाळी किल्ली देऊन गेल्या. पुन्हा येणार नाही म्हणाल्या."

"गेल्या? कुठं?"

"उबाल्दोकाका म्हणून एक आहेत, त्यांच्याबरोबर. काल पहिल्यांदा आत आले ते. दोघं झाडाखाली तीन तास बसले होते. भांडत होते की काय, आम्हाला समजेना, मग बघतो तर बाई त्यांच्या शर्टाचं बटण लावून देत होत्या. सामान घेऊन बसनंच गेले. टॅक्सी बोलवतो म्हटलं तर बाई हसल्या. अहो, काय हसल्या! वरच्या मजल्यावरचे पाहुणे बाहेर आले बघायला." त्याने पानं उलटली. "तर पाच रात्री उरल्यात. रद्द करायच्या असतील तर नोंद करावी लागते, कुणी रद्द केलं ते. आपण बाईंचे कोण?"

लिसांद्रो फोन धरून उभा राहिला. समोर तिची मशीन होती, कापडाने झाकलेली, कापडाची चारही टोकं तिने नीट खाली खोचली होती. प्रश्न साधा होता. त्याचं उत्तर एका शब्दाचं होतं आणि तो शब्द खोटाही नव्हता. व्यवस्थापकाने पुन्हा हॅलो म्हटलं.

"मी," लिसांद्रो म्हणाला, "मी फक्त बुकिंग केलं होतं."

"बरं," पलीकडचा म्हणाला, आणि त्याने ते तसंच लिहून घेतल्याचा आवाज आला.